संगणकाचे ज्ञान फुकट, मग कर्ज कशाचे?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली, सतरंज्या गोळा झाल्या आणि वस्तीतल्या एक ताई मागे थांबल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी मुलाला बी. कॉम. केले. त्यांनी हातातला मोबाईल पुढे केला. त्यावर एका फायनान्स कंपनीचा निरोप होता. हप्ता थकला आहे, दंड लागला आहे, तीन दिवसांत भरला नाही तर कारवाई होईल. ताईंनी विचारले, "भाऊ, पोरगं दोन महिनेच शिकलं. पुढं जमलं नाही म्हणून सोडलं. मग शिकवलंच नाही त्याचे पैसे हे कशाला मागतात?"

मुलाला बोलावून घेतले. सगळा प्रकार कळला. फेसबुकवर जाहिरात पाहिली, नंबर दिला, दहा मिनिटांत फोन आला. बोलणारी मुलगी गोड बोलली. सहा महिन्यांत सॉफ्टवेअर डेव्हलपर, नोकरीची हमी, फी नव्वद हजार, पण आज रात्री बारापर्यंत नाव नोंदवले तर सवलत. पैसे नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, काळजी नको, बिनव्याजी हप्ते आहेत, फक्त आधार आणि पॅन पाठवा आणि आईच्या मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा. आईने ओटीपी सांगितला. महिन्याला पाच हजार, अठरा हप्ते. आपण कर्जदार झालो आहोत हे त्या माउलीला तेव्हा कळलेच नाही. तिला वाटले, शाळेची फी असते तशी ही फी आहे.

त्या कंपनीचे नाव इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. ताईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्या प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे. ते उत्तर असे आहे. या व्यवहारात तीन पक्ष असतात. विद्यार्थी, कोर्स विकणारी कंपनी आणि कर्ज देणारी वित्तसंस्था. तुम्ही सही करता ती कर्जाच्या करारावर. वित्तसंस्था कोर्स कंपनीला रक्कम आधीच देऊन मोकळी होते आणि तुमच्याकडून दर महिन्याला वसूल करते. मुलाने वर्ग सोडला तरी कर्ज सुटत नाही. शिकवणाऱ्या कंपनीला कुलूप लागले तरी कर्ज देणारी कंपनी वेगळीच असते, ती हप्ता मागतच राहते. हप्ता चुकला की सिबिलच्या नोंदीवर डाग पडतो. उद्या त्याच मुलाला रिक्षासाठी, घरासाठी किंवा खऱ्या उच्च शिक्षणासाठी बँकेकडे जायचे असेल तेव्हा तो डाग आडवा येतो.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २३ डिसेंबर २०२१ रोजी याच प्रकाराबद्दल पालकांसाठी जाहीर सूचना काढली होती. जाहिरातींवर आंधळा विश्वास ठेवू नका, खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी विचार न करता देऊ नका, माहिती नसलेल्या कर्जावर सही करू नका, यशोगाथांची खातरजमा करा, असे सरकारनेच सांगितले होते. ती सूचना आपल्या किती वस्त्यांपर्यंत पोहोचली? जाहिरात मात्र प्रत्येक मोबाईलपर्यंत पोहोचली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हे नव्वद हजार नेमके कशाचे?

ज्ञानाचे म्हणावे, तर संगणकाची भाषा शिकण्याचे ज्ञान आज जगात जवळजवळ फुकट आहे. पायथन ही भाषा १९९१ साली लोकांसमोर आली. ती फुकट उतरवून घेता येते आणि ती शिकवणारी पुस्तिका तिच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट वाचता येते. त्याच १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केले. ते आज जगातल्या मोठमोठ्या यंत्रणा चालवते आणि जुन्या, टाकाऊ ठरवलेल्या संगणकावरही चालते. त्याची एक पैही लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेने २००१ साली आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस-५० हा संगणकशास्त्राचा प्रवेशपाठ घरबसल्या विनामूल्य पाहता येतो, त्यातली गणिते सोडवून तपासून घेता येतात. फ्रीकोडकॅम्प ही संस्था २०१४ पासून वेबसाइट बनवण्याचे शिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्रही फुकट देते.

हे सगळे इंग्रजीत आहे, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण आपल्या देशातही काम झाले आहे. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली एनपीटीईएल हा उपक्रम सुरू केला. केंद्र सरकारचे स्वयम व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. तिथे आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात, प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे माफक शुल्क भरावे लागते आणि त्यातही अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना सवलत मिळत आली आहे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात दहा-दहा मिनिटांचे छोटे धडे आहेत. लिनक्स, सी भाषा अशा विषयांचे धडे तिथे मराठी आवाजात ऐकायला मिळतात. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात. आणि ज्याला वर्गात बसून शिकायचे आहे त्याच्यासाठी शासकीय आयटीआयमध्ये दहावीनंतर एक वर्षाचा कोपा हा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट असे त्याचे पूर्ण नाव. आपल्या वस्तीतल्या किती दहावी-बारावीच्या मुलांना तो ठाऊक आहे?

एकेकाळी ज्ञानाच्या दारावर पहारा होता. ऐकले तर कानात शिसे ओतण्याची भाषा धर्मग्रंथात होती. आज संगणकाच्या ज्ञानाच्या दाराला कुलूप नाही. असे असताना आपल्या पोरांना दारात उभे करून कोणी तरी तिकीट विकत आहे आणि आपण ते कर्ज काढून घेत आहोत, हे दुर्दैव म्हणायचे की अज्ञान?

पण इथे थांबून चालणार नाही. सर्व काही फुकट आहे, घ्या आणि शिका, असे सांगून मोकळे होणारे विद्वान पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्याकडे आपण डोळसपणे पाहिले पाहिजे.

हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची २०१२ ते २०१८ या काळातली आकडेवारी दोन संशोधकांनी तपासली. जानेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे होते फक्त ३.१३ टक्के. म्हणजे शंभरातले तीन. आणि शिकणाऱ्यांत मोठा भरणा श्रीमंत देशांतल्या लोकांचाच होता. दार उघडे होते, पण आत आले ते बहुतेक ज्यांच्या घरात आधीच पुस्तके होती तेच. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते त्यांच्यापैकी मात्र ४६ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला.

या दोन आकड्यांवरून कोर्स विकणारे म्हणतील, बघा, पैसे भरले की माणूस शिकतो. थोडे खरे आहे. ज्याने पैसे मोजले तो गंभीर असतो, किंवा गंभीर असतो म्हणूनच पैसे मोजतो. पण पैसे भरूनही निम्म्याहून अधिक लोक मध्येच गळाले, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. आणि ते पैसे प्रमाणपत्रापुरते होते, अठरा हप्त्यांचे कर्ज नव्हते.

मग माणूस शिकतो कशाने? त्याच ताईंच्या मुलाने आम्हाला ते दाखवून दिले.

तो विहारात येऊ लागला. विहाराच्या मागच्या खोलीत एका बँकेतून निवृत्त झालेल्या बांधवाने दिलेले दोन जुने संगणक आहेत. एका मुलाने त्यांवर लिनक्स बसवून दिले. त्याला म्हटले, पुस्तकी गणित सोड, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब करणारा प्रोग्रॅम लिही. नाव विचारायचे, रक्कम विचारायची, शेवटी बेरीज सांगायची. कोर्सच्या दोन महिन्यांत त्याने यापेक्षा कितीतरी अवघड गोष्टी पडद्यावर पाहिल्या होत्या. त्याने अर्ध्या तासात प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या घराची वर्गणी टाकली पाचशे, दुसऱ्या घराची दोनशे. संगणकाने बेरीज दाखवली पाच लाख दोनशे!

खजिनदार खूश झाले. म्हणाले, यंदा डीजे नको, सरळ इमारतच बांधू. सगळे हसले. मुलगा मात्र घामाघूम झाला. चूक सापडेना. तेव्हा आमच्याकडे येणारी डिप्लोमाची एक मुलगी पुढे आली. तिने सांगितले नाही, विचारले. संगणकाला तू दिलेले पाचशे हे आकडा म्हणून समजले की नुसती अक्षरे म्हणून? पायथनमध्ये माणसाने टंकलेले जे काही असते ते आधी मजकूर म्हणून येते. पाचशे आणि दोनशे यांची बेरीज न होता ते शब्द जोडावेत तसे एकापुढे एक जोडले गेले, ५००२००. मजकुराचा आकडा करून घेण्यासाठी एक छोटा शब्द लिहावा लागतो. मुलगा म्हणाला, कोर्समधले सर तो शब्द दरवेळी लिहायचे, मीही बघून लिहायचो, का लिहायचा ते मला आज कळलं.

वाचकहो, माझ्या मते सगळा विषय या एका वाक्यात आहे. प्रोग्रॅमिंग पाहून येत नाही. पोहणे जसे काठावर बसून येत नाही तसेच हे. स्वतः लिहायचे, चुकायचे, संगणकाने दाखवलेली चूक नीट वाचायची, कारण शोधायचे आणि पुन्हा लिहायचे. व्हिडिओतल्या मास्तरांची चूक होत नाही, कारण ती कापून टाकलेली असते. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की आपल्याला समजले. आणि एकटा असताना पहिल्यांदा अडला की त्याला वाटते की आपल्या डोक्यातच काही कमी आहे. आपल्या मुलांच्या मनात तर ही शंका पिढ्यान्पिढ्या पेरलेली आहे. शाळेत, कॉलेजात, आरक्षणावरून टोमणे मारणाऱ्यांनी पेरलेली. अडलेल्या क्षणी शेजारी कोणी नसेल तर ती शंका जिंकते आणि मुलगा वर्ग सोडतो. शंभरातले सत्त्याण्णव सोडून जातात त्यांतले बरेच इथेच सुटतात.

म्हणजे चांगला महागडा कोर्स विकतो काय, तर तीन गोष्टी. ठरलेली वेळ, सोबतीला चार माणसे आणि अडले तर सांगणारा कोणी. ज्ञान तर बाहेर फुकटच पडलेले आहे. आता मला सांगा, ठरलेली वेळ, चार माणसे आणि सांगणारा कोणी, या तीन गोष्टी आपल्या समाजाने कधी बाजारातून विकत घेतल्या होत्या काय?

१९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहे, वाचनालये आणि अभ्यासमंडळे होती. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. पुस्तक मिळाले की काम संपले असे बाबासाहेब मानत नव्हते. मुलाला राहायला जागा, अभ्यासाला दिवा आणि सोबतीला आपल्यासारखेच शिकणारे सोबती लागतात, हे त्यांना ठाऊक होते. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. तिथे नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. शिकणाऱ्याच्या पोटापाण्याचे वेळापत्रक पाहून शाळेचे वेळापत्रक ठरवले. त्याही आधी जोतीराव फुल्यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. आज आपण ज्याला मोठ्या कौतुकाने 'कम्युनिटी लर्निंग' म्हणतो, ती आपल्या चळवळीची जुनी कमाई आहे. आपणच ती विसरलो आणि आता हप्त्यावर विकत घेऊ लागलो.

यावर एक मित्र म्हणाला, "बाबासाहेबांनीही कर्ज काढून शिक्षण घेतलं होतं ना?" प्रश्न रास्त आहे, टाळू नये. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. पण ते कर्ज मित्राचे होते, जाहिरातीतल्या अनोळखी आवाजाचे नव्हते. काय शिकायचे, कोणाकडे शिकायचे, कोणती पदवी मिळणार, हे त्यांना आधी माहीत होते. आणि ते शिक्षण दुसरीकडे कुठे फुकट मिळत नव्हते. शिक्षणासाठी कर्ज काढूच नये असे माझे म्हणणे नाही. जे विहारातल्या खोलीत मिळू शकते त्यासाठी काढू नये, एवढेच म्हणणे आहे.

तसेच, पैसे घेणारा प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रम फसवा असतो असेही नाही. मद्रासच्या आयआयटीने २०२० साली डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. जेईईची अट नाही. आधी चार आठवडे शिकवतात, मग पात्रता परीक्षा घेतात, उत्तीर्ण झाला तरच पुढे प्रवेश. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना शुल्कात मोठी सवलत आहे. मध्येच थांबावे लागले तरी पूर्ण केलेल्या टप्प्याचे प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा हातात राहतो. याला शुल्क आहे, पण त्यामागे विद्यापीठ आहे, परीक्षा आहे, पदवी आहे. एखादा अनुभवी माणूस आठवड्यातून तास-दोन तास देऊन मुलांचे काम तपासत असेल तर त्याच्या श्रमाचे मोल देणेही योग्यच. श्रमाचे मोल नाकारणारे आपण नव्हे.

फरक कसा ओळखायचा? माझ्या अल्प अनुभवातून काही कसोट्या सांगतो. आजच पैसे भरा असे जो म्हणतो त्याला आजच नाही म्हणा. खरे शिक्षण रात्री बाराला संपत नाही. फी एकरकमी की महिन्याची, मध्येच सोडल्यास किती परत, हे लेखी मागा. कर्ज असेल तर देणाऱ्या संस्थेचे नाव, एकूण परतफेड आणि दंड हे सर्व एका कागदावर मागा. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली डिजिटल कर्जांसाठी असा माहितीचा कागद देणे सक्तीचे केले आहे आणि ठरावीक मुदतीत दंड न भरता कर्जातून बाहेर पडण्याची सोयही ठेवली आहे. फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओटीपी ही सहीच असते. अंगठा लावून जमिनी गेलेल्या लोकांची आपण नातवंडे. त्या अंगठ्याची जागा आज ओटीपीने घेतली आहे, हे घराघरात सांगा.

नोकरीच्या हमीबद्दलही बोलले पाहिजे. अमेरिकेत लॅम्बडा स्कूल नावाची एक मोठी ऑनलाइन प्रोग्रॅमिंग शाळा २०१७ साली निघाली. पुढे तिने ब्लूमटेक असे नाव घेतले. आधी शिका, नोकरी लागल्यावर पगारातून फी द्या, असा तिचा गाजावाजा होता. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने तिच्यावर कारवाई केली. ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकऱ्या लागतात अशी जाहिरात होती, पण गुंतवणूकदारांना दिलेल्या माहितीत तो आकडा ५० टक्क्यांच्या आसपास होता. फी नंतर द्या म्हणजे कर्ज नव्हे, असे मुलांना सांगितले जात होते. प्रत्यक्षात ते कर्जच होते. अमेरिकेसारख्या देशात, कडक कायद्यांच्या सावलीत हे घडते, तर आपल्या गल्लीत येणाऱ्या फोनवरच्या हमीला किती वजन द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

शेवटी एक नवा आक्षेप. आता कृत्रिम बुद्धिमत्ताच प्रोग्रॅम लिहिते, मग पोरांनी शिकायचे कशाला? २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले तेव्हापासून हा प्रश्न ऐकू येतो. हे साधन जरूर वापरावे. अडल्यावर प्रश्न विचारायला ते उपयोगी पडते, मराठीतही उत्तर देते. पण वर्गणीची बेरीज पाच लाख दोनशे आली तर ती चूक आहे हे ओळखणारा माणूस लागतोच. यंत्राने लिहिलेले तपासता येणे हीच पुढच्या काळातली विद्या असेल. ज्याला तपासता येत नाही तो यंत्राचा गुलाम होईल आणि आपल्याला नवी गुलामी नको आहे.

तेव्हा करायचे काय? मोठ्या निधीची गरज नाही. प्रत्येक शहरात, तालुक्याला आपली विहारे आहेत, समाजमंदिरे आहेत. वंदनेचा तास सोडला तर त्यांतली अनेक दिवसभर कुलूपबंद असतात. दोन-तीन जुने संगणक, एक इंटरनेट जोडणी, आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन तास. मोबाईलवर प्रोग्रॅमिंग शिकता येत नाही असे नाही, पण डोळे आणि धीर दोन्ही लवकर संपतात, म्हणून संगणक हवाच. अभ्यासक्रम नव्याने लिहायची गरज नाही, फुकट उपलब्ध असलेल्यांपैकी एक निवडावा आणि सर्वांनी तोच धरावा. रोज नवा व्हिडिओ बदलणारा मुलगा पुढे जात नाही. धडा घरी पाहावा आणि विहारात फक्त लिहावे, चुकावे, एकमेकांचे तपासावे. पुढे गेलेल्याने मागच्याला समजावून सांगावे, कारण सांगताना सांगणाराही शिकतो. मुलींसाठी ही वेळ आणि जागा सुरक्षित राहील याची जबाबदारी वस्तीतल्या महिला मंडळाने घ्यावी. आणि कामे आपल्याच गरजेची द्यावीत. वर्गणीचा हिशेब, ग्रंथालयाची नोंद, शिष्यवृत्तीच्या अर्जांची यादी, बचत गटाची वही.

एक मागणी शासनाकडेही आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहांतून संध्याकाळी खुली राहणारी संगणक खोली असावी. बार्टीसारख्या संस्थांनी प्रशिक्षणाची कंत्राटे देताना किती मुले पटावर आली यापेक्षा किती मुलांनी स्वतः काम करून दाखवले ते मोजावे. स्वाधार योजनेचे पैसे मुलाच्या खोलीभाड्यासाठी आणि जेवणासाठी असतात. ते कोर्सच्या हप्त्यात जात असतील तर तो मुलगा उपाशी राहून फसवला जातो आहे, हे अधिकाऱ्यांनीही समजून घ्यावे.

आणि एक विनंती आपल्याच लोकांना. पुणे, मुंबई, बंगळूरच्या कंपन्यांतून आपले असंख्य इंजिनीअर काम करतात, परदेशातही आहेत. ते जयंतीला वर्गणी देतात, दीक्षाभूमीला येतात, गाडीच्या काचेवर अशोकचक्र लावतात. त्याबद्दल आदर आहे. पण त्यांनी आठवड्यातला एक तास द्यावा. व्हिडिओ कॉलवर पाच मुलांचे काम तपासावे, पहिल्या मुलाखतीची तयारी करून घ्यावी, कंपनीत जागा निघाली तर कळवावे. प्रस्थापितांच्या मुलांना हे सर्व काका-मामांकडून घरबसल्या मिळते. त्यालाच ते गुणवत्ता म्हणतात. आपल्या मुलांचे काका-मामा आपणच व्हायचे आहे.

त्या ताईंचे अजून तेरा हप्ते शिल्लक आहेत. एका वकील बांधवाने कागद पाहिले आहेत, ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, काय होते ते पाहू. मुलगा रोज संध्याकाळी विहारात येतो. वर्गणीचा प्रोग्रॅम आता बरोबर बेरीज करतो, पावतीही छापतो. परवा त्याने आठवीतल्या एका मुलाला तो समजावून सांगितला. त्याने सांगितले नाही, विचारले. संगणकाला हे आकडा म्हणून समजले की अक्षरे म्हणून?

विहाराची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांनी हा लेख वाचला असेल, तर येत्या रविवारी वंदनेनंतर ती खोली उघडावी. जयभीम!